ओणवी

फार जुन्या काळी जनावरांच्या बोलीत पाठ वाकवण्याला एकच शब्द होता, 'वाकणं', आणि त्याचा अर्थ हार मानणं असाच होता. म्हणून भुरी गाढवीण कधी कुणापुढे वाकली नव्हती.

एकदा माळावरच्या खड्ड्याची कड ढासळली आणि भुरी एका शेळीच्या दोन करडांसह आत पडली. करडांच्या उड्या काठापर्यंत पोचेनात. तेवढ्यात पलीकडच्या काठावर लांडगा येऊन उभा राहिला.

भुरीने पुढचे गुडघे टेकले आणि मान जमिनीला लावली. "चढा रे, मानेवरून पाठीवर आणि तिथून वर."

"शेवटी वाकलीस ना?" लांडगा हसला.

भुरीने गुडघे उचलले नाहीत. "वाकले नाही. दुसऱ्याला वर चढता यावं म्हणून ओणवी झाले," ती म्हणाली.

करडं बाहेर पडली आणि त्यांच्या ओरडण्याने शेळ्यांचा कळप शिंगं रोखून धावत आला. लांडगा पळाला. शेळ्यांनी कड उकरून भुरीसाठी वाट केली.

भुरी वर आली, पण सोलवटलेल्या गुडघ्यांवर तिला उभं राहवेना. तेव्हा करडांची आई तिच्याशेजारी आली.

"ताई, मी ओणवी होते," ती म्हणाली. "माझ्या पाठीवर मान टेकव."