डोंगरावरचे गणित

कोणत्याही नकाशात सापडणार नाही अशा एका नगरात एक तांबट राहत होता. त्याला कुंदा नावाची एकुलती एक मुलगी होती. घरात दिवसभर भांड्यांची ठोकाठोक चाले, त्यामुळे कुंदाला मोठ्याने बोलायची सवय लागली होती, आणि मोठ्याने प्रश्न विचारायचीही.

एकदा ती बापाबरोबर राजधानीत हंडे पोचवायला गेली. तिथे तिने नदीवरचा दगडी पूल पाहिला. कमानीच्या मधोमध बसवलेल्या दगडांखाली कसलाच आधार नव्हता. तरी वरून भरलेल्या बैलगाड्या जात होत्या.

"हे दगड पडत का नाहीत?" तिने एका गवंड्याला विचारले.

"ते सेतुशाळेतल्यांना विचार," गवंडी म्हणाला. "कमानीला बाक किती द्यायचा ते गणित मांडतात. आम्ही बसवतो."

घरी आल्यावर कुंदाने सांगून टाकले, "मी सेतुशाळेत जाणार."

राजधानीतली ही सेतुशाळा प्रत्येक नगरातून दर वर्षी एकच विद्यार्थी घेई. तो कोण, हे त्या त्या नगराचे पंच ठरवत. कुंदाच्या नगरात याची एक रीत होती. नगरातल्या शाळेची शेवटची परीक्षा झाली, की ज्याचे जितके गुण तितक्या पताका त्याच्या घरावर लागत. वर्षभर त्या फडफडत. येणारेजाणारे माना वर करून मोजत. पताका बघून सोयरिकी जुळत, पताका बघून शेजारी बोलणे टाकत. आणि ज्याच्या घरावर सर्वांत जास्त पताका, तो सेतुशाळेत जाई.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत गणित दोन प्रकारचे असे. चौकातल्या वर्गात बाजारगणित शिकवत: मापे, हिस्से, व्याज. दुसरे डोंगरगणित. ते शिकवणारे पंतोजी डोंगरावर राहत, म्हणून ते नाव. वाकत जाणारी रेषा, वाढत जाणारा वेग, कलत जाणारे वजन, अशा सतत बदलणाऱ्या गोष्टींचे ते गणित होते. बाजारगणितात पताका भराभर मिळत, डोंगरगणितात भल्याभल्यांच्या कापल्या जात. मोजताना मात्र पताका कुठल्या गणिताच्या हे कोणी विचारत नसे. त्यामुळे शहाण्या घरांतली मुले बाजारगणित घेत, आणि पंतोजींच्या ओसरीवरच्या चटया बहुतेक गुंडाळलेल्याच असत.

दोहोंतले एक गणित निवडायचा दिवस आला, तेव्हा कुंदाची आत्या मुद्दाम समजवायला आली.

"हे बघ, तुला सेतुशाळेत जायचंय ना? मग पताका हव्यात. पताका हव्यात तर बाजारगणित घे. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"पण आत्या, पूल तर डोंगरगणितावर उभा राहतो."

"ते तिथे गेल्यावर शिकवतील की! आधी तिथे पोच तर."

"आणि नाही शिकवलं तर?"

"शाळा आहे ती. शिकवणार नाहीत तर काय पंगती वाढणार आहेत?"

तांबट हसला. मग लेकीकडे वळून म्हणाला, "आत्याचं काही अगदीच चूक नाही, कुंदे. पण दोन वर्षं तुला काढायचीत. तू ठरव."

दिवाणाचा मुलगा कुंदाच्याच वर्गात होता. हुशार होता, मनानेही चांगला होता. त्यालाही सेतुशाळेतच जायचे होते, आणि त्याने न अडखळता बाजारगणित घेतले. "वेडी आहेस," तो तिला म्हणाला. "वर जाऊन पाय दुखतील, डोकं दुखेल आणि शेवटी घरावर चार चिंध्या लटकतील."

कुंदा डोंगरावर गेली.

"मला पूल बांधायचेत," तिने पंतोजींना सांगितले.

"ते पुढचं पुढे. न सुटणारं गणित पुढ्यात घेऊन दिवसभर बसता येतं का तुला?"

"माहीत नाही."

"मग बस."

कुंदा बसली. आजवर तिला उत्तरे चटकन यायची, इथे प्रश्नच उलगडेना. पाटी पुसून पुसून तळहात पांढरे झाले. आपण मुळात हुशार नव्हतोच की काय, असे तिला वाटू लागले. दसऱ्यापर्यंत वर्ग बदलायची मुभा होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती पाटी घेऊन डोंगर उतरली.

चौकातला वर्ग रंगात आला होता. गुरुजींनी गणित घालायचा अवकाश, की मुले उत्तर ओरडत. दिवाणाच्या मुलाने सरकून जागा दिली. "आलीस ना शेवटी? ये."

कुंदाने पहिले गणित सोडवले, पुढचेही सोडवले. सगळी बरोबर आली. गुरुजींनी शाबासकी दिली. कित्येक दिवसांत काही बरोबर आले नव्हते, त्यामुळे तिला फार बरे वाटले. इथेच राहावे, असे तिने जवळजवळ ठरवले.

पण हात पाटीच्या कोपऱ्यात कमान काढत होता. डोंगरावर अडली होती तीच. कमानीचा कल प्रत्येक ठिकाणी वेगळा, मग तो मोजायचा कसा? एवढासा तुकडा घेतला, की तो सरळच दिसेल, तर? तिने तुकडा लहान केला. मग आणखी लहान.

"कुंदे, उत्तर?" गुरुजींनी विचारले.

"कशाचं?"

सगळा वर्ग हसला. कुंदाही हसली आणि पाटी उचलून निघाली.

"अगं, उद्या मुदत संपते!" दिवाणाचा मुलगा ओरडला.

"माहितीये!" ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली.

पंतोजींनी पाटी पाहिली. "चुकलंय," ते म्हणाले. "पण वाट हीच. पुन्हा कर."

दोन वर्षांनी परीक्षा झाली. दिवाणाच्या घरावर इतक्या पताका लागल्या, की कौले दिसेनाशी झाली. तांबटाच्या घरावरच्या पताका एका वाशावर मावल्या. "काय हो, वारा पडलाय का तुमच्याकडे?" असे लोक तांबटाला विचारू लागले. दिवाणाचा मुलगा वाजतगाजत राजधानीला गेला. कुंदाने आईला सांगितले, की तिला वाईट वाटलेले नाही. ते खोटे होते. ती बापाबरोबर भांडी ठोकायला बसली.

पावसाळा सरायच्या आत दिवाणाचा मुलगा परत आला. वाजंत्री नव्हती. तो घरी न जाता सरळ पंचांच्या बैठकीत गेला आणि म्हणाला, "तिथे पहिल्याच दिवशी आचार्यांनी फळ्यावर कमान काढली आणि म्हणाले, वाकत्या रेषेचं गणित, म्हणजे आपलं डोंगरगणित, तुम्हाला येतंच, आपण इथून पुढे जाऊ. मी पुढे कुठून जाणार? महिनाभर धडपडलो. आपल्याकडून आधी गेलेलेही तिथेच अडले, पण लाजेपायी कुणी परत येऊन सांगितलं नाही. जागा रिकामी आहे. ते गणित शिकलेलं कुणी असेल तर पाठवा म्हणालेत. कुंदाला पाठवा."

"तिच्या पताका किती?" एका पंचाने विचारले. "पताकांत पुढचा नंबर सावकाराच्या मुलाचा आहे."

"तोही चौकातलाच. तोही परत येईल."

"गप्प बस," दिवाण कडाडला. "झाली तेवढी शोभा पुरे."

"शोभा माझी झालीय, बाबा. मला बोलू द्या."

पंचांनी आपसात विचार केला. डोंगरगणिताचे महत्त्व त्यांना पटले होते असे नाही. पण पाठोपाठ दुसरा मुलगाही परत आला, तर नगराचे हसे होईल, एवढे त्यांना कळले. त्यांनी कुंदाला पाठवले.

सेतुशाळेत आचार्यांनी कुंदाला कमानीचे एक गणित घातले. तिने ते मांडले, अर्ध्यावर आणले आणि खडू खाली ठेवला.

"थांबलीस का?" आचार्यांनी विचारले.

"इथपर्यंत येतं. इथून पुढे येत नाही," कुंदा म्हणाली. एवढ्या मोठ्या दालनात तिचा आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत गेला.

आचार्यांनी तो खडू उचलला आणि ती जिथे थांबली होती, तिथून पुढची ओळ लिहायला सुरुवात केली.

तात्पर्य: जे काम करायचे आहे त्याला लागणारी विद्या निवडावी, ती अवघड असली तरी आणि तिच्यात गुण कमी पडले तरी. आणि ही गोष्ट मुलांना वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनी आधी पताका मोजणे थांबवावे.