महाराजांचे तीन चेंडू

रणधवल महाराजांच्या हातून चेंडू पुन्हा पडला! झालं, आजचाही दिवस गेला!

भैरवगडाचा रिवाजच तसा. राजाच्या हातची वस्तू भुईला लागली की अपशकुन. मग राजज्योतिषी गणंभट शांतीचा होम मांडणार, महाराजांना दिवसभर उपास घडणार आणि चेंडूंना हात लावायचा तो थेट दुसऱ्या सकाळी. दिवसाला एकच चूक करायची, तर विद्या यायची कधी? पण महाराज हट्टाला पेटले होते. जत्रेत हौसा खेळकरणीने हातांची कैची घालून तीन चेंडू खेळवले, मध्येच दोन एकदम उडवून झेलले, तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. दोन गुरू तर कपाळाला हात लावून निघून गेले होते.

शेवटी हौसालाच बोलावणं आलं.

"दसऱ्याला भर दरबारात आम्ही हा खेळ करणार," महाराज म्हणाले. "तू शिकव. पण शिकताना एकही चेंडू भुईला लागता कामा नये! लागला, तर तुझ्या बापाच्या फडाने या राज्यात पुन्हा ढोल वाजवायचा नाही!"

फडावर अकरा माणसांची भाकरी होती. पण हौसाची जीभ कुठली गप्प बसायला!

"महाराज, न पडता चालायला कोन शिकलंय? तुमीबी धडपडला असालच की!"

गणंभटांनी कानांवर हात ठेवले. महाराजांनी मिशीआड हसू लपवलं, पण अट काही ढिली केली नाही.

हौसाने रात्रभर विचार केला. सकाळी तिने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तीन चेंडू करवून घेतले आणि महाराजांना बागेतल्या तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभं केलं.

"डावा हात उजव्यावरनं घ्या. आन् इतकं घट्ट धरू नगा. चेंडू हाय, राज्य न्हवं! सोडा!"

महाराजांनी सोडला. डुबुक! दुसराही डुबुक! तिसरा एका बदकाच्या डोक्यात बसला. पण चेंडू तरंगत होते. महाराजांनी ते स्वतः गोळा केले आणि पुन्हा उडवले. ना होम, ना उपास! महिनाभर तळ्यावरून हौसाचा आवाज येत राहिला, "आता दोन जोडीनं वर! तिसरा मधनं! हाताकडं काय बघताय, वर बघा!"

दसऱ्याला महाराजांनी कैची घातली, दोन चेंडू एकदम उडवले, तिसरा मधून काढला आणि तिन्ही झेलले. दरबार दणाणला. हौसाचा जीव भांड्यात पडला.

तोच महिनाभर दक्षिणा बुडालेले गणंभट उठले. "महाराज, अट मोडली! तळ्यावर शंभरदा चेंडू पडताना मी या डोळ्यांनी पाहिले!"

महाराजांनी भुवई उंचावली. "काय गं? खरं सांग, किती वेळा पडले?"

"भुईला येकदाबी न्हाई, महाराज," हौसाने हात जोडले. "पान्यात किती, ते बदकांना इचारा. टेंगळं त्येंच्याच डोक्याला आल्यात!"

महाराज असे खदखदून हसले की हातातले तिन्ही चेंडू फरशीवर घरंगळले! गणंभटांनी लगबगीने पंचांग उघडलं.

"मिटा ते!" डोळे पुसत महाराज म्हणाले. त्यांनी स्वतः वाकून चेंडू उचलले, हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि तिच्या बापाच्या फडाला दर जत्रेत मानाचा पहिला खेळ लावून दिला.