शिंग थोरलीचं, फळ्या पंचांच्या

एका नदीकाठी एक राज्य होतं आणि त्याला राजाच नव्हता. शेवटचा राजा इतका लहरी निघाला, की लोकांनी कानाला खडा लावला: पुन्हा सगळी सत्ता एकाच्या हाती द्यायची नाही. म्हणून राज्याची प्रमुख एक 'थोरली' ते निवडत आणि कारभार बघायला वेगळे पंच. पंचांचा मुखिया तो कारभारी.

नदीवरच्या बंधाऱ्याचंही तसंच. फळ्या काढून पाणी सोडायचं पंचांनी, पण त्याआधी शिंग फुंकायचं थोरलीनं. उन्हाळ्यात खालच्या कोरड्या पात्रात लोक कलिंगडं लावायचे आणि तिथंच खोपी घालून बायकापोरांसह राहायचे. पात्र कोसभर पसरलेलं, माणसाची हाक पोचायची नाही. शिंग वाजलं की सगळे काठावर चढायचे, मगच पाणी सुटायचं. शिंग मागायला कारभाऱ्यानं थोरलीकडे जायचं, आणि मागितल्याशिवाय तिनं फुंकायचं नाही, असा रिवाज होता.

बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका निवडणुकीत लोकांनी थोरली निवडली एका गटाची आणि पंच दुसऱ्या गटाचे. झालं, जुंपली की हो त्यांची! पंचांनी काही ठरवलं की थोरली म्हणायची, "विचार करू." थोरलीनं काही सुचवलं की कारभारी म्हणायचा, "बघू." लोकांनाही आधी मजा वाटली, मग वीट आला.

थोरली साधी बाई नव्हती बरं का. जिभेला धार, आणि धरलं ते सोडायचं नाही हा स्वभाव. एकदा कारभारी शिंग मागायला आला, तर तिनं त्याला दुपारभर ओसरीवर ताटकळत ठेवलं. त्यानं ते मनात धरलं.

अशात भर वैशाखात डोंगरात अवकाळी पाऊस कोसळला. बंधारा काठोकाठ भरला, भिंत पाझरू लागली. फळ्या काढल्या नाहीत तर बंधाराच फुटणार, हे कुणालाही दिसत होतं.

"त्या बाईच्या दारात मी पुन्हा जाणार नाही," कारभारी म्हणाला. "तिलाही डोळे आहेत. फुंकायचं तर फुंकेल." आणि तो माणसं घेऊन बंधाऱ्यावर निघाला.

थोरली मांडीवर शिंग घेऊन बसली होती. "मागायला येऊ दे की," ती म्हणाली. "रिवाज मी नाही मोडायची."

तिचा सल्लागार जवळ सरकला. "बाई, आज नुसत्या गप्प बसा. शिंगाशिवाय त्यानं पाणी सोडलं, की उद्या लोकच पंचांना हाकलतील. मग शिंगही तुमचं आणि फळ्याही तुमच्या."

खोटं कशाला सांगा, थोरलीला ते गोड वाटलं. इतकी वर्षं जे हवं होतं, ते आयतं चालून येत होतं, आणि बोट ठेवायला जागा नव्हती.

"आणि पात्रातली माणसं?" तिनं विचारलं.

"तो दोष कारभाऱ्याच्या माथी जाईल."

"दोष त्याच्या माथी जाईल रे, पण पोरं कुणाची जातील?" थोरली उठली. तिला स्वतःचीच लाज वाटली. पायात वहाणा घालायलाही न थांबता ती तापल्या वाटेनं बंधाऱ्यावर गेली.

पहिल्या फळीला दोर बांधून झाला होता. सगळ्यांदेखत थोरली कारभाऱ्यासमोर उभी राहिली.

"कारभारी, तुम्ही मागायला आला नाहीत, म्हणून मी विचारायला आले. शिंग फुंकू का?"

कारभाऱ्यानं हातातला दोर खाली ठेवला. "फुंका, थोरल्या बाई. चुकलंच माझं."

"माझंही चुकलं. ते नंतर बोलू."

तिनं शिंग फुंकलं. म्हातारी छाती ती, पण दम लागेपर्यंत फुंकलं. पात्रातली माणसं पोरं कडेवर घेऊन धावली. शेवटचा माणूस काठावर चढेपर्यंत कारभाऱ्यानं एका फळीला हात लावू दिला नाही. पाण्यात कलिंगडं गेली, खोपी गेल्या, माणूस एकही गेला नाही.

लोकांनी थोरलीला डोक्यावर घेतलं. "पंचांना घालवा," ते म्हणू लागले. "फळ्याही थोरलीच्याच हाती द्या." कारभारी मान खाली घालून ऐकत होता.

थोरलीनं हात वर केला. "अरे, फळ्याही माझ्याच हाती असत्या, तर मी विचारायला कुणाकडे गेले असते? आज मला वेळेवर सुबुद्धी झाली. उद्या झाली नाही, तर मला अडवायला कुणीतरी हवं की नको? फळ्या पंचांकडेच राहू द्या."

एवढं बोलून ती घराकडे वळली. तिचे भाजलेले पाय पाहून कारभाऱ्यानं आपल्या वहाणा काढून तिच्यापुढे ठेवल्या.

तात्पर्य काय, तर आपल्याला अडवणारा हात जो जपतो, त्याच्याच हाती सत्ता शोभते.