हैबती सभेत बोलतो

पानवडी नावाच्या गावात एक भोळा बुरूड होता. नाव हैबती. नाव ऐकून माणूस घाबरावा. पण त्याला त्याच्या घरची कोंबडीही घाबरत नसे. टोपल्या मात्र अशा घट्ट विणायचा, की त्यात पाणी ओतलं तर पाण्यालाच विचार पडावा, गळावं की थांबावं.

हैबतीचं लग्न ठरलं होतं आणि अडलंही होतं. मुलगी ओढ्यापलीकडच्या कासारमळ्याची, कौसा. तिचा बाप केरबा म्हणाला होता, "पोरगा गुणी आहे. पण ओढ्याला पाणी असलं की पोरीला माहेरी यायला दोन कोसांचा वळसा. ओढ्यावर साकव होऊ दे, मुलगी तुझीच. होळीपर्यंत थांबतो. नाही झाला तर दुसरं स्थळ बघतो."

साकव म्हणजे पायी जाण्यापुरता लहानसा पूल. तो काही टोपलीसारखा घरी बसून विणता येत नाही. त्यासाठी सभेत बोलावं लागतं. आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं, की हैबतीला घाम फुटायचा.

त्याची आई भागाई म्हणाली, "उद्या चावडीवर ग्रामसभा आहे. सरपंचांपुढं विषय काढ. पण एकदम बोलायला लागू नको. आधी खडा टाकून बघ."

"बरं, आई. ध्यानात ठेवतो."

हैबती सकाळी ओढ्यावर गेला. चांगला गुळगुळीत खडा निवडला. सभेत विश्वासराव सरपंच गटारीवर बोलत होते. हैबतीनं नेम धरला. खडा सरपंचांच्या चहाच्या कपात पडला आणि चहा सदऱ्यावर आला.

"हैबती! काय करतोस रे?"

"बघतोय."

"काय बघतोयस?"

"खडा टाकून."

"मग काय दिसलं?"

"चहा दिसला."

त्याला चावडीबाहेर काढलं. साकवाचा विषय निघालाच नाही.

भागाईनं कपाळावर हात मारला. "अरे, मोठ्या माणसापुढं हात जोडून उभं राहावं. त्यांनी विचारलं तर बोलावं. नाही विचारलं तर तोंड उघडू नये."

"बरं, आई. ध्यानात ठेवतो."

सरपंच दिलदार माणूस. चहाचा डाग निघाला तसा रागही निघाला. हैबतीला साकवाचं बोलायचं होतं हे कळल्यावर ओढा बघायला त्यांनी तालुक्याहून साहेबांना बोलावलं आणि हैबतीलाही हजर राहायला सांगितलं. हैबती काठावर हात जोडून उभा राहिला.

साहेबांना ओढ्याची रुंदी नजरेत घ्यायची होती. एका वळणावर ओढ्याकडं तोंड करून ते मागं सरकू लागले. एक पाऊल. दोन पावलं. वळणामुळं त्यांच्या मागंही ओढाच होता. हैबती बघत होता. तीन पावलं. हैबती हात जोडून बघत होता. चौथ्या पावलाला साहेब पाण्यात गेले.

सरपंच ओरडले, "अरे, सांगायचं नाही का?"

"त्यांनी विचारलं नाही."

पाण्यातून साहेबांचा आवाज आला, "आता विचारतोय! पाणी किती खोल आहे?"

"तुमच्या गळ्याइतकं, साहेब."

साहेबांना बाहेर काढलं. जाताना ते म्हणाले, "ओढा पाहिला. आतूनही पाहिला. आठ दिवसांनी अर्ज घेऊन कचेरीत या."

भागाईनं पुन्हा कपाळावर हात मारला. "अरे लेकरा, माणूस झुकला, तोल जायला लागला, की विचारायची वाट बघायची नसते. धावायचं. दंड धरायचा. मागं ओढायचं."

"बरं, आई. ध्यानात ठेवतो."

आठ दिवसांनी सरपंच आणि हैबती कचेरीत गेले. साहेबांनी अर्ज वाचला. मान हलवली. "गरज खरी आहे," म्हणाले. पेनाचं टोपण काढलं आणि सही करायला खाली झुकले.

हैबती धावला. दंड धरला. मागं ओढलं.

खुर्ची उलटली. साहेब भिंतीला लागले. पेन अर्जावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं.

"वाचलात, साहेब!" हैबती म्हणाला.

साहेब वाचले, पण अर्ज गेला. अर्जावर आडवी रेघ पडली होती, आणि त्या कचेरीत आडव्या रेघेचा अर्थ एकच असतो.

सरपंचांनी साहेबांच्या इतक्या विनवण्या केल्या, की शेवटी साहेब म्हणाले, "सोमवारी मोठे साहेब येणार आहेत. पाच गावांची बैठक आहे. साकव एकच आहे. ज्याचं म्हणणं पटेल, त्याला मिळेल. माझ्यापासून मात्र याला चार हात लांब बसवा."

आता ही शेवटची संधी होती. भागाई रात्रभर विचार करत राहिली. सकाळी म्हणाली, "हैबती, या वेळी खडा नको, हात जोडणं नको, कुणाला ओढणंही नको. नुसतं बोलायचं. आणि 'माझं लग्न अडलंय' असं म्हणायचं नाही. स्वतःसाठी मागणाऱ्याला कोणी देत नाही. म्हणायचं, मला एकट्याला नको. साऱ्या गावासाठी द्या. एवढंच बोलायचं आणि खाली बसायचं."

"बरं, आई. ध्यानात ठेवतो."

बैठकीत एकेक गाव बोलू लागलं. एकानं आपल्या वीटभट्टीपाशी साकव मागितला. दुसऱ्यानं मेव्हण्याच्या मळ्यापाशी मागितला. तिसरा अर्धा तास बोलला आणि काय मागायचं तेच विसरला. चौथ्यानं मोठ्या साहेबांसाठी भाषणाऐवजी आरतीच रचून आणली होती.

मग हैबती उठला. घाम फुटला होता.

"साहेब, मला एकट्याला नको. साऱ्या गावासाठी द्या."

आणि खाली बसला.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. "याला म्हणतात बोलणं," ते म्हणाले. "पानवडीला साकव मंजूर."

सरपंचांनी हैबतीला तिथंच मिठी मारली. त्या दिवसापासून गावात त्याचा भाव वधारला. कोणाची पंचायतीत तक्रार असो, कोणाला कर्ज मागायचं असो, लोक विचारायला यायचे, "हैबतराव, कसं बोलावं हो?" हैबती टोपली विणता विणता सांगायचा, "थोडक्यात." लोक माना डोलवायचे.

सरकारी काम असूनही होळीच्या आधी चार दिवस साकव पुरा झाला.

दुसऱ्याच दिवशी मागणी घालायला मंडळी निघाली. पुढं सरपंच, मागं नवी टोपी घातलेला हैबती, त्याच्या मागं नारळ घेतलेली भागाई. साकवावर भागाईनं विचारलं, "आज कसं बोलायचं, ध्यानात आहे ना?"

"आहे. मोठ्या साहेबांपुढं बोललो तसंच."

"अगदी तसंच बोल, माझ्या राजा," भागाई म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता.

केरबानं चटई अंथरली. त्याचे भाऊबंद जमले होते. आतल्या दाराआड बांगड्या वाजत होत्या. गूळपाणी झालं.

"साकव झाला," केरबा म्हणाला. "मी शब्दाला जागणारा माणूस आहे. तरी रीत म्हणून मुलाच्या तोंडून ऐकू दे. बोला जावईबापू, काय मागायला आलात?"

हैबती उठला. आज घाम फुटला नव्हता. त्यानं सगळ्यांकडं एकदा नीट पाहिलं.

"मामा, तुमची कौसा द्या," तो म्हणाला. "पण मला एकट्याला नको. साऱ्या गावासाठी द्या."

आणि खाली बसला.

हैबतीला वाटलं, आता कोणीतरी चष्मा पुसेल. केरबाला चष्मा नव्हता. त्यानं कोपऱ्यातला बांबू उचलला.

साकवाचा पहिला खरा उपयोग त्याच दिवशी झाला. पुढं हैबती, मागं केरबा, त्याच्या मागं सात भाऊबंद. एवढी माणसं एकदम धावली, पण साकव जरासुद्धा हलला नाही. काम पक्कं झालं होतं.