नीलकेतू राजाची बोलकी भिकबाळी

एका राज्यात, जेथील नद्यांना आपापली नावे ठाऊक होती आणि ढग डोंगरांना विचारून पुढे जात, नीलकेतू नावाचा राजा गादीवर बसला. त्याचे आईबाप निवर्तले होते, विवाह झाला नव्हता. परंतु त्याचा न्याय सरळ होता आणि हात मोकळा होता. राज्यारोहणाच्या दिवशी अभ्रंकष नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"राजा, एकच मागतो. या राज्यात माझ्या शब्दाला कोणी प्रश्न करू नये."

"प्रश्न मलाही करतात," राजा म्हणाला. "आपल्याला सूट कशी देऊ?"

"उत्तम," मांत्रिक म्हणाला. "मग प्रश्न तुझ्यापाशीच राहो."

असे म्हणून त्याने टपोऱ्या मोत्यांची भिकबाळी पुढे केली. त्या दिवशी आलेली भेट नाकारण्याची रीत नव्हती. मांत्रिकाने ती राजाच्या उजव्या कानात घातली, सोन्याच्या तारेला पीळ दिला आणि तो चालता झाला.

सायंकाळी भिकबाळी बोलली. दोनच शब्द बोलली: "नक्की का?"

राजाने निवाडा दिला, नक्की का? मुद्रा उमटवली, नक्की का? घास उचलला, यात विष नाही, नक्की का? भिकबाळी राजाच्याच आवाजात बोलत असे, म्हणून राजाला तो शाप न वाटता स्वतःचा विचार वाटला. दिलेले निवाडे तो फाडू लागला. लावलेली कडी पाहण्यासाठी वीस वेळा उठू लागला. झोप गेली. एके सकाळी सटवाजी न्हाव्याने वस्तरा गळ्याशी आणला, तेव्हा राजा किंचाळत उठला आणि त्याने त्या निरपराध म्हाताऱ्याला राज्याच्या सीमेबाहेर काढले.

आता दरबाराने काय केले ते ऐका, आणि ऐकताना संताप आला तर तो आवरू नका. राजवैद्य म्हणाले, पित्त आहे. राजगुरू म्हणाले, महाराजांनी मन घट्ट करावे. मन म्हणजे काय कमरेचा पट्टा आहे, की आवळला म्हणजे घट्ट झाला? मोडलेल्या पायाला हेच लोक फळ्या बांधत, पालखी देत, आणि लंगडणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नसे. राजाचे मन मोडले, तेव्हा महामात्य शंकुकर्णाने त्याला एकांतमहालात घातले, दाराला बाहेरून कुलूप लावले, ताट सरकवण्यापुरती एक फट ठेवली आणि दवंडी पिटवली की महाराजांनी मौनव्रत घेतले आहे. तीन वर्षांनी येणाऱ्या चैत्री पौर्णिमेच्या मध्यान्हापर्यंत व्रत सुटले नाही, तर गादी महामात्य सांभाळतील. सर्व शहाण्यांनी माना डोलावल्या. एकानेही त्या फटीशी बसून "महाराज, काय होते आहे?" असे विचारले नाही. तीन वर्षांत एकानेही नाही!

राजाची एक दूधबहीण होती. तिचे नाव सुरंगी. तिच्या आईच्या दुधावर दोघे वाढले होते. ती डोंगरपट्ट्यात विहिरी खणत असे, आणि तिच्या लोकांत अशी चाल होती की नव्या विहिरीचा पहिला तांब्या भावाला नेऊन द्यावा. फाल्गुन सरता सरता ती तांब्या घेऊन आली. तिला व्रताची गोष्ट सांगण्यात आली. तिने ती ऐकून घेतली आणि सरळ जाऊन फटीशी बसली.

"दादा, पाणी आणलंय."

आतून आवाज आला, "तू सुरंगीच का? नक्की?"

"नाही, मी पट्टहत्ती. आवाज तेवढा बारीक पडलाय. तांब्या घे."

आतून गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा हसल्याचा आवाज आला. एकांतात राजाला कळून चुकले होते की तो आवाज भिकबाळीचा आहे; त्याने सुरंगीला सर्व सांगितले. तिने ते सर्व ऐकले, मधे एकदाही उपदेश केला नाही, आणि मग ती शंकुकर्णापुढे जाऊन उभी राहिली.

"दार बाहेरून का लावलंय?"

"महाराजांच्या हितासाठी."

"हिताला कुलूप लागतं होय, प्रधानजी?"

"बाई, जेथे राजवैद्य हरले तेथे तू काय करणार? तू विहिरी खणतेस."

"खणते. पण खाली माणूस अडकला तर आम्ही वरून झाकण नाही घालत. किल्ली द्या. मी त्याला मांत्रिकाकडे नेते."

शंकुकर्णाने विचार केला की भ्रमिष्ट राजा रानात गेला तर परत येणार नाही आणि आपल्यावर बोलही येणार नाही. त्याने हसतमुखाने किल्ली दिली.

दोघे चालत अभ्रंकषाच्या डोंगरावर पोहोचले. मांत्रिकांना एक नियम पाळावाच लागे: शापिताने स्वतःच्या तोंडाने तीनदा विचारले, तर उःशाप सांगणे भाग असे.

"उःशाप सांगा," राजा म्हणाला.

"राजा, हा बाळीचा दोष आहे, की तू मूळचाच असा आहेस?"

अशी माणसे असतात. आधी काटा रुतवतात आणि मग विचारतात, तुला लंगडण्याची हौस आहे का! राजाचा चेहरा उतरला, तरी त्याने दुसऱ्यांदा विचारले.

"हा प्रश्न विचारण्याची तुझी खरोखर इच्छा आहे, हे नक्की का?" मांत्रिकाने विचारले, आणि कानातल्या बाळीने तेच विचारले. राजाने सुरंगीकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "कान तुझा आहे."

राजाने डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा विचारले. मांत्रिकाचे हसू मावळले.

"अंधविहिरीच्या तळाला हात टेक. लिंपलेल्या ढोलीतल्या पक्षिणीला विचार, तुला कोणी कोंडले. आणि मग ज्याच्यावर तू अन्याय केलास, त्याच्याकडून भर दरबारात धारेच्या हत्याराने या तारेचा पीळ सोडवून घे. तसूभर हललास तर बाळी जन्माची. ओढून काढलीस तर तिच्यासोबत स्मृतीही जाईल."

अंधविहीर इतकी खोल होती की तिच्यात सूर्य कधी उतरला नव्हता. सुरंगीने दोराचे एक टोक राजाच्या हाती दिले आणि दुसरे स्वतःच्या कमरेला गुंडाळले.

"दोर झाडाला बांध," राजा म्हणाला. "झाड दगा देत नाही."

"झाडाला खालची हाकही ऐकू येत नाही. आमच्यात दोर माणसाच्या कमरेला असतो. तू पडलास तर मीही पडेन. उतरणाऱ्याने आपली गाठ आपणच मारायची, तीनदा ओढून बघायची. चौथ्यांदा हात लावायचा नाही."

राजाने गाठ मारली. तीनदा ओढून पाहिली. बाळीने विचारले, नक्की का? त्याने गाठ सोडली. पुन्हा मारली, पुन्हा सोडली. सतरा वेळा असे झाले. ऊन डोक्यावरून कलले, दोराचा पीळ सुटू लागला, तेव्हा सुरंगी भडकली.

"दादा, ही गाठ तुला माझ्या बापानं शिकवली. आठ वर्षांचा होतास, एका दिवसात शिकलास. तो तुझी पाठ थोपटून म्हणाला होता, पोराचा हात चांगला आहे. तो खोटं बोलला का?"

"नाही," राजा म्हणाला. "तुझा बाप खोटे बोलत नसे."

"मग हात काढ गाठीवरून!"

राजाने हात काढला आणि तो उतरला. अर्ध्या वाटेवर उजेड संपला. बाळी म्हणाली, ती वर आहे, नक्की का? राजाला ते दिसत नव्हते, कळण्याचा मार्ग नव्हता. त्याने दोराला एक हिसका दिला. वरून दोन हिसके आले. तो आणखी खाली गेला आणि त्याने तळाला हात टेकला. हात टेकताच कोरड्या वाळूतून पाणी उसळले. तो वर आला तेव्हा सुरंगीच्या कमरेवर दोराचा लाल वळ उठला होता. राजाने ओल्या हाताने तो वळ पुसला. त्या दिवशी बाळी पुन्हा बोलली नाही.

पुढे घनदाट रान लागले. तेथे एका जुन्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते आणि मध्ये बोटभर फट होती. आत धनेश पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती. राजाने फटीला तोंड लावून विचारले,

"बाई, तुला कोणी कोंडले?"

"कोंडले? जिभेला आवर घाल," पक्षीण म्हणाली. "माझ्या चोचीने मी हे लिंपले. पिले उडण्याजोगी झाली की मीच ते फोडीन."

"तुला आत खायला कोण देते?"

"माझा धनी. उंबराची फळे आणतो."

"आणली नाहीत तर?"

"तर मरेन. माझी पिसेही गळली आहेत, उडता येणार नाही."

"मग तुला भीती वाटत नाही?"

"रोज वाटते. भीती वाटते आणि मी बसते. ऊन वर येते, फळ येते. कधी उशिरा येते. तेव्हा मी त्याला दोन शब्द सुनावतेही."

राजा खाली बसला आणि म्हणाला, "मलाही एका दाराच्या फटीतून अन्न देत होते."

"ते दार तू लिंपलेस?"

"नाही. बाहेरून कुलूप होते."

"फटीशी बसून तुझ्याशी कोण बोलत असे?"

"तीन वर्षे कोणी बोलले नाही. मग ही आली."

ढोलीत पंखांचा असा फडफडाट झाला की मातीचे पापुद्रे गळून पडले. "मेल्यांनो!" पक्षीण ओरडली. "आणि स्वतःला माणसे म्हणवता! जा. त्यांना सांग, एका पाखराने तुमच्या नावाने चोच आपटली."

राजा आणि सुरंगी परतीच्या वाटेला लागले. पौर्णिमेला एक दिवस उरला असता सीमेवरच्या वडाखाली वाटसरूंची हजामत करीत बसलेला सटवाजी त्यांना दिसला. राजा त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि त्याने बाळीची व उःशापाची गोष्ट सांगितली.

"सटवाजी, मी तुझ्यावर अन्याय केला. माझ्या मनाने मला फसवले. परंतु हुकूम माझ्या तोंडचा होता. क्षमा कर."

म्हाताऱ्याने वस्तरा पुसला. "महाराज, तुमच्या वडिलांचा आणि तुमचा मिळून पस्तीस वर्षं गळा माझ्या हाताखाली होता. कापायचाच असता तर इतकी वर्षं नुसती धार लावत बसलो असतो का?"

"नाही."

"हे तेव्हा सुचलं असतं तर माझ्या बायकोला परक्या मुलखात दिवस काढावे लागले नसते."

राजाने मान खाली घातली. सटवाजीने आपली हत्यारांची धोपटी उचलली आणि तो म्हणाला, "चला. क्षमेचं मागाहून बघू. आधी तो कान मोकळा करू."

पौर्णिमेच्या मध्यान्हाला घटकाभर अवकाश होता. शंकुकर्ण गादीच्या पहिल्या पायरीवर उभा होता. इतक्यात राजा सुरंगी आणि सटवाजीला घेऊन दरबारात आला, चौरंग मागवून त्यावर बसला, आणि सटवाजीने धोपटीतून नखे काढण्याची नराणी बाहेर काढली. तिचे टोक सुईसारखे होते.

"धारेचे हत्यार, आणि ते हाकलून दिलेल्या न्हाव्याच्या हाती!" शंकुकर्ण गरजला. "महाराज भ्रमिष्ट आहेत. त्यांचा निर्णय मानण्याचे कारण नाही. पहारेकरी, पकडा त्याला!"

पहारेकरी एक पाऊल पुढे आले. बाळी म्हणाली, शंकुकर्ण खरे बोलतो आहे, तू भ्रमिष्टच आहेस. तरीही तो बोलला, आणि त्याचा आवाज शेवटच्या खांबापर्यंत गेला.

"शंकुकर्ण, मी आजारी होतो. आजही आहे. आजारी माणसाला कोंडावे, त्याच्या नावाने खोटी दवंडी पिटवावी आणि त्याच्या गादीची पायरी चढावी, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? मला ताप आला असता तर माझा शब्द रद्द ठरला असता का? पहारेकऱ्यांनो, जागीच थांबा. हा हुकूम माझा आहे."

पहारेकरी थांबले.

सटवाजी जवळ वाकला. नराणीचे टोक कानाला टेकले आणि थरथरू लागले.

"महाराज, हात हलतोय. वय झालं. आणि मनात रागही आहे, खोटं कशाला सांगू."

"असू दे," राजा म्हणाला. "मी हलत नाही."

तेव्हा बाळीने सर्व बळ एकवटून विचारले, "हा तुला मारणार नाही, नक्की का?"

तीन वर्षे राजाने या प्रश्नाला पुरावे दिले होते, आणि प्रत्येक पुराव्यातून नवा प्रश्न निघाला होता. त्या दिवशी त्याने पुरावा दिला नाही.

"नक्की नाही," राजा म्हणाला. "तरी बसतो."

बाळी गप्प झाली. तारेचा पहिला पीळ सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्या पिळाला नराणी घसरली, कानातून रक्ताचा थेंब खांद्यावर पडला, सारा दरबार शहारला. राजा हलला नाही. तिसरा पीळ सुटला. भिकबाळी फरशीवर पडली आणि तिचे मोती लाह्यांसारखे फुटले. त्याच क्षणी शाप उलटला आणि डोंगरावर अभ्रंकषाची वाचा गेली, ती पुन्हा आली नाही.

राजाने शंकुकर्णाला पदावरून दूर केले आणि एकांतमहालाचे दार त्याच्याच हातांनी बिजागऱ्यांतून काढवले. सटवाजीचे घर त्याला परत मिळाले, आणि त्याच्या बायकोला आणण्यासाठी पालखी गेली. मन आजारी असलेल्या कोणालाही राज्यात यापुढे कोंडू नये, त्याच्याजवळ माणसाने बसावे, असा हुकूम निघाला. मग राजा सटवाजीला म्हणाला, "आता दाढी कर."

सटवाजीने वस्तऱ्याला धार लावली. राजाने मान मागे टाकून गळा उघडा केला. एक गाल झाला, वस्तरा दुसऱ्या गालाकडे वळला, आणि तेवढ्यात राजा झोपी गेला. राजवैद्य नाडी पाहण्यास पुढे सरसावले. सुरंगीने त्यांना कोपराने मागे सारले.

"झोपलाय," ती म्हणाली. "आवाज करू नका."

राजा उठेपर्यंत दरबार सोडता येत नसे, आणि निजलेल्या राजापुढे बसताही येत नसे. म्हणून राजवैद्य, राजगुरू आणि मन घट्ट करा म्हणणारे ते सर्व शहाणे दिवस मावळेपर्यंत पाय अवघडून उभे राहिले. आणि राजा तीन वर्षांची झोप घेत राहिला. गोष्ट येथे पुरी झाली, आणि ज्यांना जागे ठेवायला हवे होते ते जागे राहिले.