तांब्याच्या पोटातलं पोट

“...खोटं दाखवलं तेव्हा बाईनं लगेच मानलं, उस्ताद. आता खरं सांगतोय तर ऐकूनच घेत नाही. मी करू तरी काय?”

दस्तगीर उस्ताद बाजेवर बसून लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोन बाई?”

“ती बघा. लिंबाखाली बसलीय. जत्रेपासून माझ्या मागं मागं फिरतेय.”

विचारणारा होता प्रोफेसर मार्तंड. प्रोफेसर तो कुठल्या कॉलेजात नव्हता. त्या काळी जादूचे खेळ करणारे बरेचजण स्वतःला प्रोफेसर म्हणवून घेत आणि लोकही खुशाल म्हणू देत. खेळ तो शिकला होता याच म्हाताऱ्याकडे, गावोगावच्या बाजारात पोतं अंथरून. आता त्याची स्वतःची कंपनी होती. तंबू होता, मखमली पडदा होता, बँड होता, मोटार होती. फेट्याचा तुरा तर एवढा उंच की उस्तादांच्या झोपडीत शिरताना त्याला वाकावं लागलं. नमस्कारासाठी तो वाकलाच नव्हता. दारानं वाकवलं, तेवढंच.

“कंचा खेळ दावलास?”

“तांब्याचा.”

उस्तादांचा हात थांबला.

तांब्याचा खेळ म्हणजे उस्तादांच्या घराण्याचा खेळ. साधा पितळी तांब्या. लोकांसमोर उपडा करायचा, थेंब न थेंब सांडायचा. मग हातवारे करून पुन्हा ओतायचा, की पुन्हा पाणी. पुन्हा रिकामा, पुन्हा पाणी. बाजारातली माणसं आ वासून बघत आणि मग पोट धरून हसत.

“पानी कुठलं भरलं व्हतंस?” उस्तादांनी विचारलं.

हा काय प्रश्न झाला, असं मार्तंडाला वाटलं.

“विहिरीचं. जत्रेच्या मैदानातल्या.”

“गोड हाय ती हीर,” असं म्हणून उस्ताद पुन्हा लसूण सोलू लागले. “आन् कबुली?”

मार्तंड फेट्याचा तुरा सारखा करू लागला.

कबुली म्हणजे खेळाआधीची आरोळी. उस्ताद पोतं अंथरण्याआधी पोटावर थाप मारून मोठ्यानं ओरडत: “बघा हो, लबाडी बघा! द्येव न्हाई, भूत न्हाई, अंगात काय येत न्हाई! हाताची करामत, पोटाची सोय!” शागिर्दाला हात हलवायला शिकवण्याआधी ते ही आरोळी शिकवत. आरोळी चुकली तर त्या दिवशी खेळ नाही, मग गर्दी कितीही जमलेली असो.

“कबुली दिलीस का?”

“उस्ताद, मखमली पडद्यापुढं उभं राहून पोटावर थाप मारायची? बरं दिसतं का ते?”

“मग काय केलंस?”

“भगवी कफनी घातली. धूप लावला. खेळाचं नाव ठेवलं ‘गंगावतरण’.”

“आन् लोकांनी?”

“...हात जोडले.”

“तुला?”

“मलाच.”

“ग्वाड वाटलं?”

खोटं बोलायला मार्तंड आला नव्हता, तेवढं त्याच्या बाजूनं म्हटलं पाहिजे.

“वाटलं,” तो म्हणाला. “लोक नारळ घेऊन यायला लागले, उस्ताद. मी त्यांना बोलावलं नव्हतं. पण परतही पाठवलं नाही. आणि मग ही राहीबाई आली. तिच्या मांडीवरची पोर बघितलीत? चंपी. तिच्या एका डोळ्यात फूल पडलंय, दुसराही जायला लागलाय. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ऑपरेशन करू, उशीर करू नका. बाई निघालीच होती मिरजेला. वाटेत जत्रा लागली...”

“आन् तू लागलास.”

“तांब्यातलं पाणी पदरात घेतलं तिनं. पोरीच्या डोळ्यांना लावलं. मिरजेला गेलीच नाही. म्हणते, महाराजांची गंगा असताना पोरीच्या डोळ्याला सुरी कशाला लावू!”

लिंबाखाली ती पोर आईच्या मांडीवर डोकं घुसळत होती. ऊन तिला सोसत नव्हतं. आई पदरानं तिचे डोळे झाकत होती आणि झोपडीच्या दाराकडे बघत होती, देवळाच्या दाराकडे बघावं तशी.

“सांगितलंस तिला?”

“हजारदा सांगितलं. बाई, हा खेळ आहे, मी साधा माणूस आहे. तर पायच धरले तिनं. म्हणाली, जे खरे असतात ते असंच म्हणतात. जितकं नाही म्हणावं तितका तिचा विश्वास वाढतोय, उस्ताद!”

आणि प्रोफेसर मार्तंड, तुऱ्यासकट, मटकन खाली बसला.

उस्ताद लसूण सोलत राहिले.

“एक उपाय आहे,” मार्तंड खालच्या आवाजात म्हणाला. “कफनी पुन्हा घालतो. डोळे मिटतो आणि सांगतो, गंगामाईची आज्ञा झालीय, पोरीला दवाखान्यात ने. पळत जाईल.”

“जाईल की.”

“मग... सांगू?”

“सांग. पोरीचा डोळा वाचतोय, आनिक काय पायजे?”

मार्तंड उठला. दारापर्यंत गेला. तिथं थबकला.

“उद्या दुसरी कुणी येईल, उस्ताद.”

“यील.”

“तिला दवाखान्याचं नाही, दुसरंच काही हवं असेल.”

“असंल.”

“मग तिला काय सांगू?”

“ते गंगामाईला ठावं. तू डोळे मीट.”

मार्तंडाचा चेहरा पडला. तो दारातच उभा राहिला. पुढेही जाईना, मागेही येईना.

“दुसरा उपाय एकच,” तो अखेर म्हणाला. “भेद उघडायचा. पण तुम्हीच शपथ घातलीत. खेळाचा भेद परक्याला द्यायचा नाही. तुमच्या वडिलांनी तुम्हाला घातली, तुम्ही मला. ती मी मोडणार नाही. काही झालं तरी नाही.”

यात मात्र तो खोटा नव्हता. तेवढी एक शपथ त्यानं मखमलीतही सांभाळली होती.

उस्तादांनी लसणाची टरफलं झटकली. कोपऱ्यातल्या गाठोड्यातून आपला जुना तांब्या काढला, रांजणातून पाणी भरलं, फळीवरच्या डब्यातून गुळाचा खडा घेतला आणि बाहेर चालू लागले.

“उस्ताद! शपथ...”

“परक्याला न्हाई द्यायचा,” चालता चालता म्हातारा म्हणाला. “ठावं हाय मला.”

राहीबाई गडबडीनं उठली. महाराजांचेही गुरू आलेले बघून तिला काय करावं सुचेना. पोरीला कडेवर घेऊनच ती वाकू लागली.

“थांब, माय. चमत्कार पायजे?”

“व्हय बाबा.”

“पदरात पायजे, का हातात?”

तिला समजलं नाही. तिनं पदरच पुढं केला.

उस्तादांनी तो हळूच बाजूला सारला. म्हणाले, “त्वांड उघड.” आणि गुळाचा खडा तिच्या जिभेवर ठेवला.

मागोमाग आलेला मार्तंड चपापला. असाच खडा त्याच्या जिभेवर ठेवला होता, ज्या दिवशी उस्तादांनी त्याला शागीर्द केलं त्या दिवशी. त्याशिवाय ते कुणाला तांब्याला हात लावू देत नसत.

“उस्ताद, बाईमाणूस? आपल्या खेळात?”

“गूळ ग्वाड लागला का, माय?”

“लागला बाबा.”

“मग झालं. आता तू परकी न्हाईस. ह्यो धर तांब्या. असा न्हाई, गळ्याशी. आंगठा हितं. दाबून धर. आता वत.”

राहीबाईनं तांब्या उपडा केला. पाणी मातीत गेलं. तिनं हलवून बघितला, थेंब नाही.

“सरळ कर. आंगठा उचल. आता पुन्यांदा वत.”

तिनं तांब्या कलंडला. पाणी आलं.

तिनं पुन्हा रिकामा केला, पुन्हा अंगठा उचलला. पुन्हा पाणी. तिच्या स्वतःच्या हातातून. तिचे डोळे मोठे झाले.

“बाबा... माझ्या अंगात आलं!”

“अंगठ्याखाली बघ, माय.”

तिनं अंगठा काढला आणि तांब्या उन्हाकडे धरला. गळ्याखाली एक बारीक भोक होतं, सुईनं पाडल्यासारखं.

“तांब्याच्या पोटात आनिक एक पोट हाय,” उस्ताद शांतपणे सांगू लागले. “पानी त्यात दडून बसतं. भोकावर आंगठा हाय तवर हलत न्हाई. आंगठा उचलला की भाईर येतं. माझ्या बापानं मला शिकिवलं, मी ह्याला शिकिवलं. आन् आज तुला.”

राहीबाई भोकाकडे बघत राहिली. मग मार्तंडाकडे. मग पुन्हा भोकाकडे. तिच्या चेहऱ्यावरची भक्ती उतरताना मार्तंडाला दिसत होती, आणि खरं सांगायचं तर ते त्याला फार जड गेलं.

तांब्यात उरलं होतं ते सगळं पाणी तिनं त्याच्या तोंडावर फेकलं.

“मुडद्या! माझ्या लेकराचं डोळं जात्यात आन् तू भोकावर आंगठा धरून बसलास व्हय रं!”

मार्तंडानं तोंड पुसलं नाही. तुरा भिजून एका कानावर आला.

चंपीनं पदराबाहेर तोंड काढलं. त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याची पापणी किलकिली करून तिनं बघितलं आणि खुदकन हसली.

“आये, म्हाराजाचं त्वांड धुतलंस!”

हसणं ऐकताच बाईचा राग कुठच्या कुठं गेला आणि ती रडू लागली. पोरीला छातीशी धरून ती मटकन खाली बसली.

“मग आता माझ्या पोरीचं कसं, बाबा? गंगा न्हाई, म्हाराज न्हाई... आता कुनाकडं जाऊ?”

“डागदर काय म्हनला व्हता?”

“उशीर करू नगं म्हनला.”

“झालाय उशीर?”

“...ठावं न्हाई.”

उस्तादांनी मार्तंडाकडे बघितलं. फक्त बघितलं.

मार्तंडानं फेटा उतरवला. तुरा उपटून खिशात कोंबला आणि तो ओला फेटा चंपीच्या डोक्याला आणि डोळ्यांवरून हलक्या हातानं गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून. मग रस्त्यावर उभ्या असलेल्या कंपनीच्या मोटारीकडे गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “तंबूकडे नाही. मिरजेला चल.”

“अन् संध्याकाळचा खेळ?”

“बोर्ड लावायला सांग. खेळ बंद.”

राहीबाई आधी मोटारीत चढेना. त्या माणसाच्या मोटारीत तिनं का म्हणून बसावं? मग तिनं पोरीकडे बघितलं आणि चढली. मार्तंडाशी मात्र मिरजेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर मार्तंड उस्तादांकडे आला तो हिवाळ्यात. साधा रुमाल बांधून आला होता. दारात वाकला, आत आल्यावरही वाकला.

“पोरगी?” उस्तादांनी विचारलं.

“एक डोळा वाचला, उस्ताद! चांगला वाचला. मुंगी दिसते तिला. दुसऱ्याला नुसता उजेड कळतो, पण डॉक्टर म्हणतात, पुढं बघू.”

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी आपलं तोंड पुसलं आणि थोडा वेळ हात तसेच तोंडावर ठेवले.

“आणि कबुली देतो हं आता,” मार्तंड उत्साहानं सांगू लागला. “मखमली पडद्यापुढं. पोटावर थाप मारून! पहिल्या दिवशी लाज वाटली. लोक इतके हसले, इतके हसले... आणि मग तांब्या रिकामा झाला, पुन्हा भरला, तर आधीपेक्षा दुप्पट टाळ्या. मला वाटलं होतं, खेळ मेला. मेला नाही, उस्ताद.”

“हं.”

“पण एक कोडं आहे.”

“बोल.”

“परवा आमचा तंबू राहीबाईच्या गावाजवळ होता. पोरीला घेऊन पुढंच बसली होती. कबुली दिली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. शेजारणीला सांगत होती, लबाडी हाय गं, नुसती लबाडी. भेद मात्र सांगितला नाही तिनं. एका अक्षरानं नाही.”

“शागीर्द हाय ती.”

“हो. पण पुढं ऐका. मी तांब्या उचलला. तिला भोक ठाऊक, अंगठा ठाऊक, पोटातलं पोट ठाऊक. तरी पाणी आलं तेव्हा तिचा आ वासला. डोळे भरून आले तिचे. आणि खेळ संपल्यावर उठली, सरळ पुढं आली, आणि माझ्यासमोर ओंजळ धरली. मी ओतलं. ती प्यायली. पोरीलाही पाजलं. मग हसत हसत निघून गेली. सगळं ठाऊक असून, उस्ताद... ओंजळ का धरली तिनं?”

उस्ताद चिंचेनं तांब्या घासत होते. त्यांनी तो खळखळून विसळला, उजेडाकडे धरून बघितला, पालथा ठेवला...

“तान लागली असंल,” ते म्हणाले. “पानी तर खरंच व्हतं की.”