तायव्वाच्या काहिलीची शेवटची खेप

या कथेतील माझा वाटा आधी स्पष्ट सांगते. तायव्वाच्या काहिलीत शेवटच्या खेपेला माझी पणजी बसली होती. तिने जे पाहिले ते तिने माझ्या आजीला सांगितले, आजीने मला सांगितले, आणि मी ते आधी बोरगळ्याच्या शाळेत व निवृत्तीनंतर गावाच्या चावडीत दरवर्षी सांगत आले आहे. पणजीने स्वतः पाहिलेले मी सरळ सांगते. जे तिने पाहिले नाही, पण गाव मानते, तेथे ‘असे म्हणतात’ हे शब्द वापरते. श्रोत्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

फार वर्षांपूर्वी, आमच्या नदीवर पूल नव्हता आणि प्रत्येक गावाचा गूळ त्या त्या गावच्या गुऱ्हाळात होत असे, त्या काळी बोरगळ्यात तायव्वा राहत होती. उकळता रस चुलीवरून नेमका केव्हा उतरवायचा हे ठरवणाऱ्या माणसाला गुळव्या म्हणतात. नवऱ्यामागे ते काम तायव्वाने घेतले, आणि नवऱ्यापेक्षा आपण ते चांगले करतो हे ती कोणी न विचारताही सर्वांना सांगत असे. तिच्या गुळाच्या ढेपेत तोंड पाहून बायका कुंकू लावत, असे म्हणतात. तिने हाक मारली की नदीपलीकडचे बैल माना वळवत, असेही म्हणतात.

रस उकळण्याची तिची काहील लोखंडी होती, उथळ, गोल आणि अंगणाएवढी रुंद. ती उचलायला आठ गडी लागत. पावसाळ्यात ती छपरीत पालथी पडलेली असे आणि तिच्याखाली गावातली मांजरे वीत.

त्या वर्षी श्रावणात वादळ आले. वाऱ्याने छपरे उडवली, पिंपळ आडवा केला आणि घाटावरची नाव दोर तोडून नेली. मग पाऊस सुरू झाला आणि थांबायचे विसरला. नदी ओढ्यात शिरली, ओढा शेतांत शिरला, आणि गावाखालच्या सखल भागातली खालची वाडी चहूबाजूंनी पाण्याने वेढली गेली. वाडीतली माणसे शेळ्या-कोंबड्यांसह मारुतीच्या उंचवट्यावर जमली. पाणी उंचवट्याची एकेक पायरी चढत होते.

गावाला हे कळले, पण नाव नव्हती. तेव्हा तायव्वा काहील डोक्यावर छत्रीसारखी धरून एकटीच पाण्याकडे चालत आली, असे म्हणतात. काहिलीवर पडणाऱ्या पावसाचा ताशा तीन गावांत ऐकू गेला, असे म्हणतात. रस ढवळण्याचे लांब दांड्याचे फावडे तिने वल्ह्यासारखे हातात घेतले, काहील पाण्यात सोडली आणि उंचवट्याला येऊन लागली.

तेथे पहिली चूक झाली, आणि अशी चूक आमच्याच गावात होऊ शकते. बोरगळ्यात मानपान फार. लग्नात, पंगतीत, पालखीपुढे, कोठेही मानकऱ्यांनी आधी बसायचे, एका रांगेत बसायचे आणि पूर्वेकडे तोंड करून बसायचे. पूर आला म्हणून रीत मोडावी असे कोणालाही वाटले नाही. पाटील, चौगुले, गुरव आणि उरलेले मानकरी धोतरे सावरत काहिलीच्या पश्चिमेच्या काठाला, पूर्वेकडे तोंडे करून, एका रांगेत बसले. काहील लगेच कलंडली आणि गावाचा सगळा मान कमरेएवढ्या चिखलात जाऊन बसला.

उंचवट्यावरच्या बायका तशा संकटातही पदर तोंडात धरून हसल्या. माझी पणजी त्यांत होती. पाटलांची ती नवी सून, त्यामुळे तिने पाठ फिरवून हसण्याची शिस्त पाळली.

‘‘झाला मानपान?’’ तायव्वा म्हणाली. ‘‘आता माझं ऐका. काहिलीत वजन बघून बसायचं. ह्या काठाला एक, त्याच्यासमोर त्याच्याच वजनाचा दुसरा. मग तो कुणी का असंना.’’

गुळाची ढेप नुसती उचलून तिचे वजन सांगणे हा तिच्या रोजच्या कामाचा भाग होता. तिने तसेच एकेका माणसाला बगलेत हात घालून उचलले आणि जोड्या लावल्या. गुरवासमोर कुंभारीण बसली. सावकाराच्या आईसमोर दोन शेळ्या आणि एक करडू बसले, आणि त्यावर कोणी काही बोललेले पणजीला आठवत नव्हते. काहील स्थिर राहिली. खेपेमागून खेप झाली. एकेका खेपेला काहील वीतभर रुंद होत गेली, असे म्हणतात. एरवी एवढी माणसे तीत मावली नसती.

शेवटच्या खेपेला पाटलांची आई व सून या दोघी, बाबगोंडा पाटील आणि सातगोंडा चौगुले एवढेच उरले. दोघे पुरुष का उरले, हे उघड होते. दोघांचीही पोटे अशी की त्यांच्या तोडीचा तिसरा पुरुष पंचक्रोशीत नव्हता. पाटलांसमोर चौगुलेच बसायला हवे होते, आणि त्या दोघांचा एक तपापासून अबोला होता. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दिवशी बैल पळवून गावाच्या वेशीत बांधलेला दोर, म्हणजे कर, तोडण्याचा मान असतो. बारा वर्षांपूर्वीच्या बेंदराला दोन्ही घरांचे बैल एकदम दोराला भिडले. त्यानंतर दोन्ही घरांनी एकमेकांकडे पाहणे सोडले.

‘‘तायव्वा, त्याला सांग,’’ पाटील म्हणाले, ‘‘त्याचं तोंड बघत बसण्यापेक्षा मी हितंच बसतो.’’

‘‘बसा की, अण्णा. पाणी बसल्या जागी येतंय, तुम्हांला उठायची बी तसदी न्हाई.’’

‘‘त्यालाही सांग,’’ चौगुले म्हणाले, ‘‘मी बसायला तयार हाय. पर पूर्वेचं तोंड माझं. कर माझ्या बैलानं तोडली.’’

‘‘त्याला सांग, माझ्या बैलानं तोडली.’’

‘‘त्याला सांग, अर्धी,’’ चौगुले म्हणाले.

पाटलांची आई गंगव्वा पायरीवर बसली होती. पाणी तिच्या घोट्यांपर्यंत आले होते. आधीच्या प्रत्येक खेपेला तिला बोलावले, आणि प्रत्येक वेळी तिने एकच उत्तर दिले, की लेक बसल्याशिवाय मी बसायची नाही. तिला सोडून जाणार नाही म्हणून तिची नातसून, म्हणजे माझी पणजी, हीही थांबली होती. त्यामुळे त्या दोन गृहस्थांच्या अबोल्यात आता दोन बायकांचे जीव अडकले होते.

‘‘अर्धी अर्धी तोडली न्हवं?’’ गंगव्वा म्हणाली. ‘‘मग पाणी बी अर्धं अर्धं प्या. मी बसलेय बघत. आज मला दुसरं कामच न्हाई.’’

पाणी आणखी एक पायरी चढले.

तेव्हा तायव्वाने ते सांगितले, ज्यासाठी गाव तिचे नाव घेते. ‘‘अण्णा, दादा, दोघंबी ऐका. काहिलीला पुढची बाजू न्हाई आणि मागचीबी न्हाई. धारंला लागली की ती भवऱ्यागत फिरती. कुठंबी बसा, पूर्व फिरत फिरत तुमच्यासमोर येणारच. मग हट्ट कशाचा करताय?’’

या बोलण्यात खोट काढायला दोघांनी थोडा वेळ घेतला. खोट सापडली नाही. पाटील उठले, चौगुले उठले, आणि दोघे एकाच वेळी, समोरासमोर, काहिलीत बसले. मग गंगव्वाने नातसुनेचा हात धरला आणि त्या दोघी मधोमध बसल्या.

काहील धारेला लागली आणि फिरू लागली. पूर्व समोर आली की पाटील मान ताठ करत. अर्ध्या फेऱ्यानंतर चौगुले मान ताठ करत. काही फेऱ्यांनंतर दोघांनाही पूर्व कोणती हे कळेनासे झाले आणि दोघांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात एक लाट काठावरून आत आली.

‘‘पाटील, पोट आवरा,’’ चौगुले ओरडले. ‘‘पाणी शिरतंय.’’

एका तपानंतरचे ते पहिले शब्द होते, आणि ते थेट बोलले गेले होते.

‘‘तुमचं आवरा की आधी.’’

‘‘आधी-मागं न्हाई,’’ तायव्वा म्हणाली. ‘‘दोघांनी एकदम आवरा. न्हाईतर कलंडंल.’’

दोघांनी एकदम श्वास आत ओढला. काहील सपाट झाली. पुढचा सगळा प्रवास त्या दोघांनी एकमेकांच्या पोटाकडे टक लावून, मिळून श्वास घेत आणि मिळून सोडत केला. हे पणजीने वीतभर अंतरावरून पाहिले.

मध्यावर मात्र नदी उसळली. फेस काहिलीहून उंच आला. उकळता रस उतू जाऊ लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि तेलाचे चार थेंब टाकतो, मग फेस बसतो. तायव्वाने कनवटीची तेलाची कुपी काढली, कमरेची भेंडीची मुळी पाण्यात पिळली आणि नदीला दरडावले, ‘‘ए बाई, लई उतू नगंस, तुझ्याखाली जाळ कुणी घातलाय?’’ नदीचा फेस बसला, वारा पडला आणि पाणी थंड होत आलेल्या पाकासारखे गुळगुळीत झाले, असे म्हणतात. पणजीचे डोळे त्या वेळी गच्च मिटलेले होते, म्हणून या ठिकाणी मी तिची साक्ष देऊ शकत नाही. डोळे उघडले तेव्हा काहील चावडीच्या पायरीला लागलेली होती आणि गंगव्वा सुखरूप होती.

पाणी ओसरल्यावर चावडीत गाव बसले. पाटलांनी सुचवले की तायव्वाला पंगतीत पहिले पान द्यावे. तायव्वाने ते साफ नाकारले. पहिल्या पानामुळे काय होते ते तिने चिखलात पाहिले होते. मला पान नको, काहिलीला पडलेले पोचे काढून द्या, आणि पुढच्या पुराची तयारी आत्तापासून करा, असे ती म्हणाली.

म्हणून बोरगळ्यात आजही बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सारे गाव गुऱ्हाळावर जमते आणि गुळाच्या काट्यावर चढते. पूर्वी काटा दगडी वजनांचा होता, आता आकडे उजळणारा आहे. ज्याच्या तोडीचे ज्याचे वजन, ती त्याची तायव्वाची जोड. जोड कोणीही निघो, पावसाळा संपेपर्यंत तिच्याशी अबोला धरायचा नाही. नदी फुगली की प्रत्येकाने आधी आपल्या जोडीच्या दारात जाऊन हाक मारायची. गेल्या मोठ्या पावसात फायबरची होडी आली, तेव्हाही माणसे न सांगता आपापल्या जोडीसमोर जाऊन बसली, आणि होडी चालवायला आलेल्या जवानांना कोणाला कोठे बसवायचे ते सांगावे लागले नाही. नवरा-बायकोची जोड मात्र लावत नाहीत. त्यांचा अबोला सोडवण्याची जबाबदारी तायव्वानेही घेतली नव्हती.

जोडीचा हा ठराव पाणी ओसरल्यावरच्या त्याच बैठकीत चावडीत झाला. बाबगोंडा पाटलांनी मान्यता दिली. सातगोंडा चौगुल्यांनी त्याच श्वासात दिली. गुरवाने दिली, कुंभारणीने दिली. सर्वांत शेवटी गंगव्वाने दिली, पण एका अटीवर: काट्यावर चढलेल्या बाईचे वजन मोठ्याने सांगायचे नाही. ही अट तायव्वाने मान्य केली, उपस्थित सर्व स्त्रियांनी मान्य केली, आणि थोडा विचार करून पाटील व चौगुले यांनी ती पुरुषांनाही लागू करून घेतली.